आधी खात्री करून घेऊ

बदलापूर म्हटलं की लोकांना २० ऑगस्ट २०२४ चा रेल रोको आठवतो. हजारो माणसं रुळांवर उतरली, मध्य रेल्वेची त्या मार्गावरची वाहतूक तासन्‌तास ठप्प झाली, दगडफेक झाली, लाठीमार झाला. महिनाभराने आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि सगळी चर्चा चकमकीकडे वळली. या गदारोळात रेल रोकोआधीचे दिवस मागे पडले. शिशुवर्गातल्या, जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं घरच्यांच्या लक्षात आलं. शाळेच्या कानावर ते गेलं. पोलीस ठाण्यात पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि १६ ऑगस्टच्या रात्री कुठे गुन्हा नोंदला गेला. पुढे मुख्याध्यापिका आणि संस्थेचे विश्वस्त यांच्यावर गुन्हा दाखल झाला, तो प्रकार समजूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठापुढे पहिल्याच सुनावणीत शाळेच्या मौनाचा मुद्दा आला.

शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेबद्दल गेल्या काही वर्षांत जेवढं बोललं गेलं, त्यातलं बरंचसं गुन्हेगाराबद्दल आहे: त्याला कोणती शिक्षा व्हावी, किती लवकर व्हावी. शाळेने नेमकं काय करायचं असतं, हा प्रश्न त्यामानाने कोरडा, म्हणून मागे राहतो. वास्तविक कायदा २०१२ पासून आहे, शासन निर्णयांची चळत आहे, हेल्पलाइन तर त्याहून जुनी आहे. तरी गोष्टी अडतात, आणि बहुतेक वेळा एकाच वाक्यापाशी अडतात. वर्गशिक्षिका मुख्याध्यापकांना सांगते, मुख्याध्यापक संस्थाचालकांना सांगतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘आधी खात्री करून घेऊ.’ ऐकायला हे वाक्य समंजस वाटतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र तिथेच चूक सुरू होते.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याचं १९ वं कलम सांगतं की, असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या किंवा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. ‘कोणत्याही व्यक्तीने’ यात शिपाईही आला, रिक्षावालाही आला. पुरावा गोळा करा, मुलीला खरं-खोटं विचारा, आरोपीचं म्हणणं ऐकून घ्या, असं त्यात कुठेही नाही. २१ वं कलम न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही सांगतं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. न कळवण्याची ही शिक्षा मुलाला लागू नाही. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे ते चुकीचं निघालं, तर कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. खोटी तक्रार शिक्षापात्र आहे, पण ती बदनामीसारख्या हेतूने जाणूनबुजून केलेली असावी लागते. आरोपी शाळेचा कर्मचारी असेल तर कायदा त्या गुन्ह्याला अधिक गंभीर मानतो.

मारहाण आणि हेळसांड यांसाठी वेगळे कायदे आहेत. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या ७५ व्या कलमात ताब्यातल्या मुलाला मारणं, छळणं, सोडून देणं किंवा जाणूनबुजून त्याची आबाळ करणं हा गुन्हा आहे. तरी छडीचा बचाव करणारे पालक अजून भेटतात. ‘सर, हातपाय मोडा पण पोरगं सुधारा’ हे पालकसभेत हसत-हसत बोललं जातं आणि शिक्षकही हसतात. मला त्यात विनोद दिसत नाही. मोठ्या माणसाने मारलं तर ते आपल्या भल्यासाठीच असतं, हे ज्या मुलाच्या मनावर बिंबवलं गेलं आहे, ते मूल उद्या दुसऱ्या कुणी काही केलं तर कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

प्रश्न केवढा आहे याचा देशव्यापी अंदाज देणारा सर्वांत मोठा अभ्यास अजूनही केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा, २००७ सालचा आहे. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला गेला. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. दर तीन मुलांमागे दोघांना शारीरिक मार बसत होता. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि त्यात मुलगे निम्म्याहून किंचित जास्त होते. बहुतेकांनी तोवर ते कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलग्यांचा हा आकडा आपल्या धोरणात कुठेच उतरलेला दिसत नाही. समित्यांची नावं, भाषणं, पोलिसांचे शाळाभेटीचे कार्यक्रम, सगळ्यांचा रोख मुलींवर. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, शाळा करतात.

दुसरी बाब राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसते. पॉक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात: नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा, शिकवणीचे सर. म्हणजे शाळा ही काही वेळा गुन्ह्याची जागा असते, पण त्याहून कितीतरी अधिक वेळा ती घरात घडणारं काही ओळखू शकणारी एकमेव बाहेरची जागा असते. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस एक बाई त्याच मुलाकडे रोज पाहत असते. डॉक्टरला हे भाग्य नाही, पोलिसाला तर नाहीच.

मग त्या बाईंना काय दिसू शकतं? पळणाऱ्या-पडणाऱ्या मुलाला गुडघ्यावर, नडगीवर, कोपरावर लागतं. पाठ, कान, गाल, मान, मांडीची आतली बाजू इथे सहसा लागत नाही. पट्ट्याचा, वायरीचा वळ आपली आकृती सोडून जातो. चटक्याचे लहान गोल डाग तसेच. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर न काढणारं मूल, खेळाच्या तासाला कपडे बदलायला तयार नसणारं मूल, जखमेबद्दल विचारलं की दर वेळी वेगळी हकिकत सांगणारं मूल, यांच्याकडे थांबून पाहावं. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांपूर्वीचा हे ठरवायला मात्र जाऊ नये. ते डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही.

लैंगिक अत्याचारात बहुतेकदा अंगावर काहीच दिसत नाही. दिसतो तो बदल. स्वच्छतागृहात जायचं टाळणं, तिसरी-चौथीत पुन्हा चड्डी ओली होऊ लागणं, बसताना दुखणं, ठरावीक रिक्षात किंवा ठरावीक सरांच्या तासाला जायला नकार, वयाला न शोभणारी लैंगिक माहिती चित्रात किंवा खेळात उतरणं, हातात अचानक मोबाइल किंवा पैसे, मनगटावर ब्लेडचे ओरखडे, हुशार मुलाचे एका सत्रात घसरलेले गुण. यातली एकही खूण पुरावा ठरत नाही. घरात आजारपण असेल, आईवडिलांचं भांडण असेल, नवीन बाळ आलं असेल, तरी मुलं अशीच वागतात. उलट, काही मुलं आतून मोडलेली असूनही अगदी नीटनेटकी, आज्ञाधारक वागत राहतात. म्हणून यादी भिंतीवर चिकटवून भागत नाही. मुलाचं नेहमीचं वागणं ज्याला ठाऊक आहे त्यालाच बदल कळतो, आणि साठ-सत्तरच्या वर्गात, अशैक्षणिक कामांच्या रेट्यात ते ठाऊक असणं अवघड आहे, हेही खरं. ज्या मुलांना बोलता येत नाही किंवा ज्यांचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, अशा विशेष शाळांतल्या मुलांच्या बाबतीत तर हा एकच मार्ग उरतो.

हेळसांड ओळखणं सर्वांत सोपं वाटतं आणि तिथेच सर्वांत जास्त घोळ होतो. रोज डबा नाही, पोषण आहाराची खिचडी दोनदा मागून घेणारं आणि थोडी पिशवीत भरून नेणारं मूल, महिनोन्‌महिने न बदललेला फुटका चष्मा, वाहता कान, कडेवर धाकटं भावंड घेऊन येणारी पाचवीतली मुलगी. हे सगळं दिसतं. पण दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याकडे निघालेल्या बीड-जालन्याच्या कुटुंबातलं मूल उपाशी असेल, तर त्याला आईबापांची हेळसांड म्हणायची का? मी म्हणणार नाही. आईबापांजवळ नाही म्हणून ते देत नाहीत, आणि जवळ असून देत नाहीत, यांत फरक आहे. पहिल्या घराला हंगामी वसतिगृह, शिधा, दवाखाना मिळवून द्यायचा असतो. दुसऱ्या घराबद्दल बालकल्याण समितीला कळवायचं असतं. दोन्ही ठिकाणी शाळेने हालचाल करायची आहे हे समान. गप्प राहून फक्त हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहिणं दोन्ही मुलांना महागात पडतं.

त्या ‘गैरहजर’मागे बालविवाह असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं; बीड-परभणीत हे प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट होतं. नववीतली मुलगी दिवाळीनंतर शाळेत दिसेनाशी होते, मैत्रिणींना सगळं माहीत असतं, वर्गशिक्षकांनाही कुणकुण असते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकावर जबाबदारी आहे, पण गावातल्या लग्नाची पत्रिका बऱ्याचदा त्याच्याकडेही आलेली असते. चाइल्डलाइनच्या १०९८ वर बाहेरून फोन गेला की हालचाल होते, असा अनुभव या क्षेत्रातले कार्यकर्ते सांगतात.

आता ज्या क्षणी मूल स्वतःच बोलतं, त्या क्षणाबद्दल. बहुधा ते वर्ग सुटल्यावर, वही दाखवायच्या निमित्ताने, अर्धं-मुर्धं बोलतं. ‘कुणाला सांगू नका’ अशी अट घालतं. बाई हळव्या होऊन ‘नाही सांगणार’ म्हणतात आणि अडकतात. ‘तुला मदत करू शकतील अशा माणसांना मला सांगावं लागेल’ हे तेव्हाच सांगितलेलं बरं. ‘काकांनी केलं का?’ असं नाव सुचवून विचारू नये. ‘मग काय झालं?’ एवढं पुरतं. मुलाने वापरलेले शब्द, बोलीतले, घरगुती, जसे आहेत तसे त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहून ठेवावेत. त्यांचं शुद्ध मराठी करू नये. आणि मग थांबावं. मुख्याध्यापकांसमोर एकदा, उपमुख्याध्यापकांसमोर एकदा, संस्थेच्या सचिवांसमोर एकदा, असं मुलीला पुन्हा-पुन्हा बोलायला लावणं हा दुसरा छळ आहे. वर न्यायालयात बचाव पक्षाला जबाबातल्या विसंगती आयत्या मिळतात. आरोप असलेल्याला समोरासमोर बोलावणं त्याहून वाईट. संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी घरी फोन करणंही.

हे सगळं प्रशिक्षणात शिकवता येतं. मौन मात्र अज्ञानातून थोडं आणि भीतीतून जास्त येतं. खासगी अनुदानित शाळेतला शिक्षण सेवक तीन वर्षं मानधनावर असतो. तासिका तत्त्वावरचे शिक्षक तर पुढच्या जूनमध्ये असतील की नाही हेही ठाऊक नसतं. ज्याच्या सहीवर आपली मान्यता अवलंबून आहे, त्याच्या मेहुण्याविरुद्ध अशा शिक्षकाने पोलिसांत जावं, ही अपेक्षा कायदा करतो, पण त्याच्या नोकरीला संरक्षण देणारं एक वाक्यही पॉक्सोमध्ये नाही. कळवल्याबद्दल खटला होणार नाही, एवढीच हमी आहे. माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि शिक्षक संघटनांनी वेतन आयोगाइतका नाही तरी त्याच्या पाव हिश्शाने हा मुद्दा लावून धरायला हवा होता.

दुसरी भीती बदनामीची. पटसंख्या घटेल, तुकडी जाईल, गावात नाव जाईल. मग प्रकरण आपसात मिटतं. सरांचा राजीनामा घेतला जातो, किंवा संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत बदली होते. पुढच्या शाळेने पोलीस पडताळणी केली तर दाखला स्वच्छ येतो, कारण आधीच्या शाळेने काही नोंदवूच दिलेलं नसतं. पडताळणीवर आपण एवढा भर देतो, पण मौनावर उभी असलेली पडताळणी कागदापुरतीच राहते.

न्यायालयांनी याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. एका अकरा वर्षांच्या मतिमंद मुलीच्या खुनाच्या, महाराष्ट्रातल्याच खटल्यात, शंकर किसनराव खाडे निकालपत्रात, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शाळा, वसतिगृहं, रुग्णालयं यांच्या प्रमुखांवर कळवण्याची जबाबदारी स्पष्टपणे टाकली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले; मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, अनेकदा तो आरोपीला वाचवण्याचा प्रयत्न असतो, असं बजावलं. त्याआधी, २०१६ मध्ये, खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या निवासी आश्रमशाळेचं प्रकरण उघड झालं, तेव्हा अटक झालेल्यांत मुख्याध्यापक आणि संस्थाचालकही होते. निवासी शाळेत मूल रात्रीही तिथेच असतं आणि आईबाप शंभर किलोमीटरवर. तिथे बाहेरच्या माणसाची ये-जा हाच खरा पहारा.

सरकारने काय केलं? मार्च २०२२ मध्ये सखी सावित्री समित्या आल्या. बदलापूरनंतर दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्ट २०२४ ला, शासन निर्णय निघाला: सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, आणि असा प्रकार समजल्यापासून २४ तासांत पोलिसांना कळवणं. उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून मे २०२५ मध्ये अधिक सविस्तर सूचना आल्या. यातला २४ तासांचा दंडक सर्वांत मोलाचा आहे आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली. पालकांना हवा असतो कॅमेरा. कॅमेरा व्हरांडा दाखवतो. स्वच्छतागृहात तो लावता येत नाही आणि मामाच्या घरी तो नसतो. तक्रारपेटीचंही तेच. पहिलीतल्या मुलाला लिहिता येत नाही, आणि नववीतल्या मुलीला ती पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी टांगलेली दिसते.

कळवल्यानंतरची व्यवस्था लोकांना वाटते त्याहून बरी आहे, निदान कायद्यात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा आहे. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं आहे. २०२० च्या नियमांनुसार खटला संपेपर्यंत मुलासोबत एक साहाय्यक व्यक्ती देता येते. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतीची सोय आहे. एका वर्षात खटला संपवावा असं कायदा म्हणतो. तसं सहसा होत नाही. ओळख उघड करणं गुन्हा आहे, तरी ‘त्या शाळेतली ती मुलगी’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश पालकांच्याच गटांतून निघतात.

एक अडचण प्रामाणिक शिक्षकांचीही आहे. अकरावीतली दोघं परस्परांच्या प्रेमात असतात, समुपदेशकाला विश्वासाने काही सांगतात, आणि अठराच्या आतल्या संमतीला कायदा मानत नसल्याने तेही कळवणं बंधनकारक ठरतं. परिणामी मुलं समुपदेशकाकडे जातच नाहीत. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये डॉक्टरांना अल्पवयीन मुलीची ओळख न सांगण्याची मुभा दिली. शाळांसाठी तशी वाट नाही. इथे कायद्यात दुरुस्ती हवी, आणि ती मागताना चार वर्षांच्या मुलीवरचा अत्याचार आणि हे प्रकरण एकाच तराजूत घालणाऱ्यांना उत्तर देण्याची तयारीही हवी.

एरवी मार्ग सरळ आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईतूनच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाला; आता तो सरकारी यंत्रणेकडे आहे आणि ११२ शी जोडलेला आहे. दोन्हींपैकी कोणताही चालतो. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचं आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं.

पालकांना एक विनंती. येत्या पालकसभेत कॅमेरे किती आहेत हे विचारून झालं की आणखी दोन प्रश्न विचारा: वर्गशिक्षिकेला एखाद्या मुलाबद्दल संशय आला तर ती मुख्याध्यापकांची परवानगी न घेता पोलिसांना कळवू शकते, हे तिला शाळेने लेखी सांगितलं आहे का? आणि शिपाई, मावशी, बसचे चालक यांच्यासह सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण शेवटचं कधी झालं? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.